औषधाचे वावडे, उंदराचे जनुक आणि औषधदान

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



श्रावकाच्या आचारात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. जैन समाजाने गावोगावी धर्मादाय दवाखाने काढले ते औषधदानाच्या प्रेरणेने, आणि पांजरपोळ संस्था उभ्या केल्या त्या अभयदानाच्या प्रेरणेने. मुंबईतील पांजरपोळ संस्था १८३४ सालापासूनची आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांचे रुग्णालय चालते. ही दोन दाने एरवी एकमेकांच्या आड येत नाहीत. एक जीव मात्र असा आहे की ज्याच्यापाशी ती समोरासमोर उभी राहतात. तो जीव म्हणजे प्रयोगशाळेतील उंदीर. दवाखान्यातून रुग्णाच्या हाती पडणारी आधुनिक औषधाची बहुतेक प्रत्येक गोळी आधी कोणत्या ना कोणत्या प्राण्याच्या शरीरातून गेलेली असते, आणि त्या प्राण्यांत उंदरांची संख्या सर्वांत मोठी आहे.

आजच्या व्याख्यानात औषधांच्या ॲलर्जीचा विचार करावयाचा आहे. एकच गोळी एकाला तारते आणि दुसऱ्याच्या अंगावर उलटते, याचे कारण अनेकदा आनुवंशिक असते. ते कारण शोधण्यात उंदराचा फार मोठा वाटा आहे. हा वाटा नेमका काय, तो मिळाला कसा आणि त्याबद्दल श्रावकाने काय समजावे, एवढीच या व्याख्यानाची मर्यादा.

मराठीत ॲलर्जीसाठी 'वावडे' हा फार नेमका शब्द आहे. शेंगदाणे दहा जणांना पचतात, अकराव्याच्या अंगावर पित्त उठते. त्यात शेंगदाण्याचा दोष नाही आणि खाणाऱ्याची चूकही नाही. औषधाचेही तसेच. येथे एक भेद मात्र लक्षात ठेवावयास हवा. ताकदीच्या गोळ्यांनी जुलाब होणे, खोकल्याच्या औषधाने झोप येणे, हे औषधाचे दुष्परिणाम होत. ते वावडे नव्हे. शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी औषधाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, तेव्हाच त्याला वावडे म्हणावे. आपल्याकडे हा भेद फारसा पाळला जात नाही. अमेरिकेत पाहणी झाली तेव्हा सुमारे दहा टक्के लोक आपल्याला पेनिसिलीनचे वावडे असल्याचे सांगत होते. पण रीतसर तपासणी केल्यावर त्यांतील दहांपैकी नऊहून अधिकांना ते औषध चालते असे आढळले. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आला, आईने सांगितले, कागदावर चढले आणि जन्मभराची नोंद झाली. खतावणीत एकदा चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम जशी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, त्यातलाच हा प्रकार. याची किंमतही असते, कारण अशा रुग्णाला मग साध्या व स्वस्त औषधाऐवजी अधिक तीव्र व महाग औषध द्यावे लागते.

या शास्त्राचा आरंभही प्राण्यांपासूनच झाला. फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली दाखवून दिले की सागरी जीवांचे विष कुत्र्याला एकदा दिल्यावर काही आठवड्यांनी त्याची अत्यल्प मात्रा जरी पुन्हा दिली, तरी तो काही मिनिटांत प्राण सोडतो. पहिल्या मात्रेने संरक्षण मिळावे ही अपेक्षा होती. घडले नेमके उलटे. या घटनेला रिशे यांनी ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले आणि १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कुत्र्यावरून शास्त्रज्ञ उंदराकडे वळले, त्याला कारण होते. माणसामाणसांत इतके भेद असतात की एकाला वावडे आणि दुसऱ्याला नाही यामागे जनुक आहे, आहार आहे, हवा आहे की पूर्वीचा एखादा आजार आहे, हे ठरविता येत नाही. त्यासाठी एकाच ठाणातील कापडासारखे, धाग्याधाग्याने सारखे असणारे प्राणी हवे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी या गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एक माजी शिक्षिका राहत होत्या. कोंबड्या पाळण्याचा धंदा न चालल्याने त्यांनी हौशी लोकांसाठी रंगीत उंदीर पाळावयास घेतले आणि पुढे प्रयोगशाळांना पुरविण्यास सुरुवात केली. त्यांच्याकडील उंदरांपासूनच १९२१ साली क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने 'सी ५७ ब्लॅक' ही काळ्या उंदरांची जात तयार केली. किमान वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर करीत गेल्यावर त्या वंशातील सर्व उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे होतात. २००२ साली उंदराचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो याच काळ्या जातीच्या उंदराचा.

अशा शुद्ध जाती हाती आल्यावर तुलना सोपी झाली. १९६५ साली ह्यू मॅक्डेविट आणि मायकेल सेला यांनी एकच कृत्रिम प्रथिन दोन जातींच्या उंदरांना टोचले. काळ्या जातीच्या उंदरांनी त्याविरुद्ध जेवढी प्रतिपिंडे तयार केली, त्याच्या सुमारे एकदशांशच दुसऱ्या जातीच्या उंदरांनी केली. खाद्य तेच, पिंजरा तोच, मात्रा तीच. फरक होता तो फक्त वंशाचा. पुढे १९६९ साली मॅक्डेविट यांच्याच गटाने हा फरक 'एच-२' नावाच्या जनुकसमूहाशी जोडलेला असल्याचे दाखविले. माणसातही त्याच्या तोडीचा एक जनुकसमूह आहे. त्याला 'एचएलए' म्हणतात. मूत्रपिंड बदलण्याची वेळ आलेल्या कुटुंबांना हे नाव परिचित असते, कारण दात्याचा आणि रुग्णाचा एचएलए जुळतो का, हे आधी पाहावे लागते. या क्षेत्रातील मूलभूत कामासाठी जॉर्ज स्नेल, झाँ दोसे आणि बारूज बेनासेराफ यांना १९८० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एचएलएचे काम सोप्या शब्दांत असे सांगता येईल. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे याचा नमुना बाहेर मांडून ठेवते. आतील प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलएच्या तबकात ठेवून ती ते पृष्ठभागावर आणते. टी-पेशी नावाचे पहारेकरी फिरत फिरत हे नमुने पाहतात. ओळखीचा माल दिसला तर पुढे जातात, अनोळखी दिसला तर ती पेशीच नष्ट करतात. या तबकाचे आकार माणसागणिक वेगळे असतात आणि ते आईवडिलांकडून येतात. काही औषधे विशिष्ट आकाराच्या तबकातच नेमकी बसतात. तेथे ती बसली की नमुना बदललेला दिसतो आणि पहारेकरी आपल्याच घरावर हल्ला चढवितात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कार्बामाझेपिन हे आहे. फिट येणाऱ्या रुग्णांना आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेसाठी हे औषध दिले जाते. औषध उत्तम, जुने आणि स्वस्त. पण थोड्या रुग्णांत पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ताप येतो, तोंडात व डोळ्यांत फोड येतात आणि भाजल्याप्रमाणे कातडी सुटू लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. तो जीवघेणा ठरू शकतो. तैवानमधील संशोधकांनी २००४ साली असे ४४ रुग्ण तपासले. त्या सर्वच्या सर्व ४४ जणांत 'एचएलए-बी १५:०२' हा एकच प्रकार आढळला. हेच औषध विनातक्रार घेणाऱ्या १०१ जणांत तो केवळ तिघांत होता. वैद्यकात एवढा स्वच्छ हिशेब क्वचितच जुळतो. त्यानंतर तैवानमधील २३ रुग्णालयांत ४,८७७ जणांची औषध सुरू करण्याआधी रक्ततपासणी करण्यात आली. ज्यांच्यात हा प्रकार सापडला त्यांना दुसरे औषध दिले गेले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या सर्वांत या रोगाचा एकही रुग्ण नव्हता; पूर्वीच्या प्रमाणाने सुमारे दहा व्हावयास हवे होते.

ही गोष्ट केवळ चिनी वंशाच्या लोकांची नाही. गुजरातमधील संशोधकांनी २००९ साली कार्बामाझेपिनमुळे हा रोग झालेल्या आठ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील सहा जणांत हाच जनुकप्रकार होता. आठ ही संख्या लहान आहे, हे खरे. पण आपल्या घरांतून ज्यांना फिटच्या गोळ्या सुरू करावयाच्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना या तपासणीविषयी एकदा विचारावे, एवढे वजन तिला निश्चित आहे. गोळ्या सुरू केल्यावर तापाबरोबर तोंडात फोड आले, तर ते उष्णतेचे समजून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एड्सवरील ॲबॅकॅव्हिर या औषधाची कथा याच स्वरूपाची आहे, आणि तेथे उंदराने एक अनपेक्षित धडा दिला. 'एचएलए-बी ५७:०१' हा प्रकार असणाऱ्यांना या औषधाचे तीव्र वावडे होते, हे २००२ साली कळले. २००८ साली १,९५६ रुग्णांच्या चाचणीने सिद्ध केले की आधी तपासणी करून अशा व्यक्तींना वगळले, तर खऱ्या ॲलर्जीचे प्रमाण शून्यावर येते. मात्र हा जनुक असलेल्या सर्वांनाच त्रास होतो असे नाही. साधारण निम्म्यांनाच होतो. उरलेले निम्मे कसे सुटतात? याचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी माणसाचा हा जनुक उंदरात घातला आणि त्या उंदरांना औषध दिले. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. उंदीर आजारी पडलेच नाहीत! पहारेकरी पेशी जाग्या झाल्या होत्या, पण दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी त्यांना आवरून धरले होते. या आवरणाऱ्या पेशी काढून टाकल्या आणि आवर घालणारे आणखी एक जनुकही बंद केले, तेव्हा कातडीवर दाह दिसू लागला. म्हणजे जनुकाने दार उघडे ठेवले, तरी आत कोणी शिरेल की नाही हे इतर पहाऱ्यावर अवलंबून असते.

येथे थोडे विषयांतर. अलीकडे काही व्याख्यानांतून जनुक म्हणजेच नामकर्म, असे ठोकून सांगितले जाते आणि टाळ्याही मिळतात. हा मोह टाळलेला बरा. कर्मसिद्धांत आत्म्याच्या बंधाविषयी बोलतो. जनुक हा पेशीतील पदार्थ आहे, तो सुईने काढता येतो आणि उंदरात घालता येतो. विज्ञानाचा आधार दिल्याने आगमाची उंची वाढत नाही, आणि उद्या विज्ञानाने मत बदलले की दिलेला आधार काढून घ्यावा लागतो.

आतापर्यंतची उदाहरणे दिवसांनी वा आठवड्यांनी उमटणाऱ्या वावड्याची झाली. दुसरा प्रकार सुई टोचल्याबरोबर उमटणारा. टोचल्या जागी सूज, लाली, खाज. कधी रक्तदाब कोसळतो. हे काम मास्ट पेशी करतात. त्वचेखाली व रक्तवाहिन्यांच्या कडेला बसलेल्या या पेशी हिस्टामिनने भरलेल्या थैल्या बाळगून असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना त्या अशा भरलेल्या दिसल्या म्हणून त्यांनी 'खाऊन पुष्ट झालेल्या' या अर्थाचे नाव दिले. साधारण समज असा होता की या थैल्या फुटण्यासाठी आयजीई नावाची प्रतिपिंडे लागतात आणि ती तयार होण्यासाठी औषध आधी एकदा तरी शरीरात गेलेले असावे लागते. पण कित्येक रुग्णांना आयुष्यातील पहिल्याच सुईने त्रास होई आणि रक्तात प्रतिपिंडे सापडत नसत. डॉक्टर त्याला 'खोटी ॲलर्जी' म्हणत. रुग्णाची सूज मात्र खरीच असे.

या कोड्याचा उलगडा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिनझाँग डाँग आणि बेंजामिन मॅकनील यांच्या गटाने केला. डाँग यांचा मूळ विषय खाज आणि वेदना हा होता. मलेरियावरील क्लोरोक्वीन घेतल्यावर काहींच्या अंगाला विलक्षण खाज सुटते. तिच्यामागे मज्जातंतूंवरील 'एमआरजी' या प्रथिनकुळातील एक सदस्य असल्याचे या प्रयोगशाळेने २००९ साली उंदरांत दाखविले होते. याच कुळातील एक मानवी प्रथिन मास्ट पेशींवर सापडते, हेही माहीत होते. अडचण अशी की उंदरांत या कुळातील जनुके वीसहून अधिक आहेत. त्यांत मानवी प्रथिनाचे काम करणारा भाऊबंद कोणता, हे कोणालाच सापडत नव्हते. मॅकनील यांनी एकेक जनुक तपासत अखेर 'एमआरजीपीआर-बी२' हा एकच मास्ट पेशींत कार्यरत असल्याचे निश्चित केले. मग त्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात या जनुकाच्या लिखाणातील चार अक्षरे गाळलेली आहेत. चार अक्षरे गळताच पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो आणि प्रथिन तयारच होत नाही.

त्यानंतर साध्या आणि चार अक्षरे गाळलेल्या, अशा दोन्ही उंदरांना तीच औषधे टोचण्यात आली. आनुवंशिक सुजेच्या रोगावरील इकॅटिबँट होते, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके होती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी भूलतज्ज्ञ देतात त्यांपैकी ॲट्राक्युरियमसारखी औषधेही होती. साध्या उंदरांच्या पायाला सूज आली, काही औषधांनी अंगाचे तापमान झपाट्याने उतरले. अक्षरे गाळलेल्या उंदरांत यातील बहुतेक काही घडले नाही. आयजीईच्या मार्गाने येणारी नेहमीची ॲलर्जी मात्र त्यांच्यातही पूर्ववत होती. म्हणजे कुलूप एक नसून दोन आहेत, आणि ही औषधे दुसऱ्या कुलपाची किल्ली ठरतात. हे संशोधन डिसेंबर २०१४ मध्ये प्रथम जाहीर झाले आणि २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. व्हँकोमायसिन जलद दिल्यास मान व चेहरा लालबुंद होतो, त्यामागेही हेच कुलूप असल्याचे २०१७ साली दाखविण्यात आले.

येथवर विज्ञान. आता जो प्रश्न या सभागृहातील अनेकांच्या मनात मघापासून उभा असेल, त्याकडे वळणे भाग आहे.

उंदीर हा पंचेंद्रिय जीव आहे. ज्या समाजात दिवा लावताना पतंग त्यात पडू नये याची काळजी घेतली जाते, त्या समाजाने वरील हकीकत नुसत्या कौतुकाने ऐकावी काय? गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाला अनिवार्य आहे. काहींचे म्हणणे असे की संशोधकाचा हेतू रोग बरा करण्याचा असतो, म्हणून ही संकल्पी हिंसा नव्हे. हे म्हणणे ओढूनताणून केलेले वाटते. ज्या जीवाचा जन्म, पिंजरा, मात्रा आणि शेवटचा दिवस आधीच वहीत लिहिलेला असतो, त्याच्या बाबतीत संकल्प नव्हता असे कसे म्हणावे? दुसऱ्या टोकाला जाऊन आधुनिक औषधच त्याज्य ठरविणारेही आहेत. त्यांना फिट येणाऱ्या मुलाच्या आईसमोर बसून हे सांगता येईल काय, हा त्यांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न आहे. शास्त्राने कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. औषध घेणारा रुग्ण पहिल्या दोन पायऱ्यांवर नाही. तिसरीवर तो आहे की नाही, हे तो घेताना काय समजतो यावर ठरेल.

देशाच्या कायद्यानेही हा विषय मोकळा सोडलेला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद केली. टाळता येण्याजोगे प्रयोग टाळावेत, पुस्तके, प्रतिकृती आणि चित्रपट यांनी भागत असेल तेथे शिकवणीसाठी प्राणी वापरू नये, असे त्यात आहे. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते जैन वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. उंदीर, ससे, बेडूक अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत, असे कायदा सांगतो. इंद्रियांच्या मोजणीत घोडा आणि उंदीर एकाच रांगेत बसतात; कायद्याच्या तराजूत मात्र देहाचे वजन धरले जाते.

पाश्चात्य जगातही हा विचार झालेला आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन गोष्टींचा आग्रह धरला : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि वेदना कमीत कमी द्यावी. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये, तर भारताने मार्च २०२३ मध्ये आपले नियम बदलून नव्या औषधांच्या तपासणीत मानवी पेशी, चिपवरील अवयव आणि संगणकीय पद्धतींना वाव दिला. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारताने २०१४ सालीच बंद केली आहे.

विशेष म्हणजे मॅकनील यांच्या त्या प्रयोगातच पुढची वाट दडलेली होती. त्यांनी उंदरांबरोबर मानवी मास्ट पेशीही काचपात्रात वाढवून वापरल्या. २००३ साली एका रुग्णाच्या पेशींपासून तयार झालेला हा पेशीवंश आजही प्रयोगशाळांतून वाढविला जातो. औषध टाकले आणि पेशींनी हिस्टामिन सोडले की कुलूप उघडले, हे त्यावरून कळते. कोणाच्याही पायाला सूज आणावी लागत नाही. उलट काही बाबतींत उंदीर फसवा ठरतो. भुलेच्या वेळी वापरले जाणारे रोक्युरोनियम उंदराच्या प्रथिनाला जितक्या कमी मात्रेत जागे करते, त्याच्या कितीतरी पट मात्रा मानवी प्रथिनाला लागते. अशा औषधाचा निवाडा उंदरावरून केला तर तो चुकण्याचाच संभव अधिक. तेव्हा एखादे नवे औषध हे दुसरे कुलूप उघडते का, एवढाच प्रश्न असेल, तर त्यासाठी मानवी पेशींचे काचपात्र पुरेसे आहे. रक्तदाब किती कोसळेल, श्वास अडेल का, हे काचपात्र सांगू शकत नाही. त्या प्रश्नांसाठी आजही उंदीरच पिंजऱ्यातून काढला जातो.